वाचाघातानंतर टॅबलेटवर भाषेचा सराव: शब्द कसे निवडायचे, संकेत कसे द्यायचे, काय मोजायचं

अ‍ॅप शोधण्याआधी रुग्णाचं नेमकं काय बिघडलंय हे कळायला हवं. पक्षाघातानंतर ‘बोलता येत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असू शकतात. वाचाघातात, म्हणजे अफेझियात, भाषाच अडकते. शब्द आठवत नाही, भलताच येतो, समोरच्याचं बोलणं पुरतं समजत नाही, वाचन-लेखनही ढासळतं. डिसार्थ्रियात भाषा शाबूत असते, पण ओठ, जीभ, श्वास यांचे स्नायू कमजोर किंवा ताठर झाल्याने उच्चार अस्पष्ट होतात. अप्रॅक्सियात स्नायूंत जोर असतो, मात्र हालचालींचा क्रम जुळत नाही. तोंड चाचपडतं, एकच शब्द दर वेळी वेगळा चुकतो, आणि सहज तोंडून निघून गेलेला शब्द ‘आता म्हणा’ म्हटलं की निघत नाही. दोन-तीन दुखणी एकत्रही असतात. ही उकल स्पीच थेरपिस्टनेच करायची. घरी एवढं पाहता येतं: बोलता न येणारं वाक्य डाव्या हाताने का होईना बरोबर लिहून किंवा टाइप करून सांगता आलं, तर मुख्य अडचण बहुधा भाषेची नसून उच्चाराची आहे. खालचं बहुतेक सगळं वाचाघातासाठी आहे. उरलेल्या दोहोंबद्दल शेवटाकडे थोडक्यात सांगितलं आहे.

यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची

ब्रिटनमधल्या ‘बिग कॅक्टस’ या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. पक्षाघाताला किमान चार महिने झालेले २७८ जण तीत होते. त्यातल्या एका गटाने स्वतःच्या उपयोगाचे १०० शब्द निवडून सहा महिने घरी संगणकावर सराव केला. सराव केलेले शब्द आठवण्यात त्यांची स्पष्ट प्रगती झाली. पण संभाषणात आणि जीवनमानात तसा फरक दिसला नाही, आणि ज्या शब्दांचा सराव झाला नव्हता ते आपोआप सुधारले नाहीत.

यातून घरच्यांसाठी दोन कामं निघतात. शब्द नीट पारखून घ्यायचे, कारण जे घ्याल तेच मिळेल. आणि पडद्यावर जमलेला शब्द बोलण्यात आणण्यासाठी वेगळा वेळ काढायचा. दुसरं काम बहुतेक घरांत राहूनच जातं, आणि मग ‘अ‍ॅपवर शंभरपैकी नव्वद गुण पडतात, पण बोलत काहीच नाहीत’ अशी तक्रार येते.

त्या गुणांचाही हिशेब बघा. चारांतून योग्य चित्र निवडायचं असेल तर डोळे मिटून बोट लावलं तरी २५ टक्के बरोबर येतात, दोन पर्याय असतील तर ५० टक्के. शिवाय चित्र ओळखणं म्हणजे शब्द उच्चारणं नव्हे. अ‍ॅप निवडताना आधी हे बघा: त्यात आपले फोटो, आपला आवाज आणि मराठी शब्द घालता येतात का? वेळेची मर्यादा बंद करता येते का? चित्रं लहान मुलांच्या पुस्तकातली तर नाहीत ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर महागडं अ‍ॅप सोडून साधं प्रेझेंटेशन बनवलेलं बरं. प्रत्येक स्लाइडवर एक चित्र आणि स्पर्श केला की वाजणारे आवाज, एवढं पुरतं. शब्द ठरावीक अंतराने परत समोर आणायला ‘अँकी’सारखं फ्लॅशकार्डचं अ‍ॅपही चालतं. त्याची बटणं बारीक असतात, तेव्हा ती घरच्यांनी दाबायची आणि रुग्णाने फक्त चित्राकडे बघायचं.

शब्दसंच

सुरुवात ३० शब्दांनी करा, १०० पर्यंत हळूहळू जा. निवड रुग्णाची हवी. पन्नास-साठ चित्रं दाखवा आणि हिरव्या खुणेचं व लाल फुलीचं कार्ड हाताशी ठेवून ‘हा हवा का?’ विचारा. त्याआधी त्यांचं हो-नाही भरवशाचं आहे का तपासा. उघड उत्तरं असलेले दहा प्रश्न (‘हा दिवा आहे का?’ आणि थोड्या वेळाने त्याच दिव्याकडे बोट दाखवून ‘ही खुर्ची आहे का?’) विचारा. दहापैकी पाच-सहाच बरोबर आले तर ते अंदाजाने मान डोलावत आहेत. मग निवड त्यांच्या चेहऱ्यावरून आणि जुन्या सवयींवरून करावी लागेल.

तीसपैकी सुमारे बारा वस्तू, दहा क्रियापदं, बाकी माणसं, ठिकाणं आणि त्यांच्या कामाधंद्याचे वा छंदाचे शब्द, असं प्रमाण ठेवा. घरचे लोक हमखास वस्तूंचीच यादी करतात. वाक्य मात्र क्रियापदावर उभं राहतं. नुसतं ‘उघड’ आलं तर खिडकी, डबा, दार असं सगळं बोटाने दाखवून भागतं. माणसांची नावं आठवणं मुळातच अवघड असतं, म्हणून पहिल्या संचात दोन-तीनच घ्या, पतवंडांसकट अख्खी वंशावळ नको.

तीस शब्दांचे दहा-दहांचे तीन संच करा. एकाच संचात कात्री आणि सुरी, किंवा भाऊ आणि भाचा असे शेजारचे शब्द ठेवू नका. अर्थाने किंवा आवाजाने जवळचे शब्द एकमेकांना ओढतात आणि एकाच्या जागी दुसरा येत राहतो. शब्द घरात बोलला जातो तोच घ्या. ‘किल्ली’ म्हणणाऱ्या माणसाला ‘चावी’ शिकवण्यात अर्थ नाही. घरात दोन भाषा चालत असतील तर दोन्हींतले शब्द घेता येतात, पण एका संचात एकच भाषा ठेवा.

फोटो त्यांच्या स्वतःच्या वस्तूचा काढा. साध्या पार्श्वभूमीवर एकच वस्तू, चौकटीचा दोन तृतीयांश भाग व्यापणारी, आणि चित्रात कुठेही अक्षरं नकोत. क्रियापदासाठी तीन-चार सेकंदांचा व्हिडिओ चांगला. स्थिर फोटोत ‘पुसणं’ दाखवलं की रुग्ण ‘फडकं’ म्हणतो, आणि ते चूकही म्हणता येत नाही.

आवाज रेकॉर्ड करताना फोन तोंडापासून २०–३० सेंमीवर धरा. नेहमीच्या लयीत, किंचित सावकाश बोला, अक्षरं तोडू नका. आवाज मुलीचा आणि सराव वडिलांचा असेल तर क्रियापदांकडे खास लक्ष द्या. ती सहजपणे ‘मी जाते’ असं रेकॉर्ड करते आणि वडील तेच उचलतात. वाक्य रुग्णाच्या तोंडी शोभेल त्याच रूपात हवं. यंत्राचा कृत्रिम आवाज मराठीत जपून वापरा, कारण ‘चष्मा’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही.

प्रत्येक शब्दाचे चार तुकडे तयार ठेवायचे:

१. नुसतं चित्र.
२. अर्थाचा संकेत: ‘वाचताना डोळ्यांवर लावता.’
३. पहिल्या अक्षराचा आवाज. ‘कात्री’साठी ‘क’ नव्हे तर ‘का’. लांब शब्दाला पहिली दोन अक्षरं.
४. पूर्ण शब्द, बोलणाऱ्याच्या तोंडाच्या जवळून घेतलेल्या व्हिडिओसकट.

प्रत्येक आवाजाच्या आधी अर्धा सेकंद शांतता राहू द्या. ब्लूटूथ स्पीकर झोपेतून जागा होताना सुरुवातीचा आवाज गिळतो, आणि आपला संकेत तर नेमका पहिल्या अक्षरातच असतो. शक्यतो टॅबलेटचा स्वतःचा स्पीकर किंवा वायरचा हेडफोन वापरा.

टॅबलेटची मांडणी

दहा इंची पडदा सोयीचा. फोनवर एका वेळी एकच चित्र नीट दिसतं. टॅबलेट स्टँडवर उभा करा, हातात धरायला लावू नका, कारण उजवा हात लुळा असेल तर डावा बोट लावायला मोकळा हवा. भाषेची केंद्रं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतात. त्यामुळे वाचाघातासोबत उजव्या अंगाची कमजोरी आणि कधी कधी दोन्ही डोळ्यांच्या उजव्या बाजूचं दिसणं जाणं, ही जोडी नेहमीची आहे. रुग्ण पडद्याच्या उजवीकडची चित्रं सतत सोडत असेल तर त्यांना शब्द कळत नाही असं ठरवून मोकळं होऊ नका. टॅबलेट थोडा डावीकडे सरकवा, पर्याय एकाखाली एक लावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र सरावाच्या वेळी लावलेलं हवं. वरवर क्षुल्लक वाटतं, पण वाया गेलेल्या सरावांत याचा वाटा मोठा असतो.

सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन स्पर्शाचा कालावधी वाढवा आणि पुन्हापुन्हा झालेले स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोय असेल तर ती चालू करा. थरथरत्या बोटाने दोनदा टॅप झालं की स्लाइड पुढे पळते. आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’, अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’ चालू केलं की चुकून अ‍ॅपबाहेर जाणं थांबतं. नोटिफिकेशन बंद ठेवा. लेखनाचा सराव असेल तेव्हा शब्द सुचवणारा कीबोर्ड बंद, आणि खरा निरोप पाठवायचा असेल तेव्हा चालू.

एक बैठक, साधारण २५ मिनिटं

पहिली दोन मिनिटं आकडे किंवा वार म्हणायचे. हे बोलणं पाठांतराचं असतं आणि वाचाघातातही बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे तोंड मोकळं होतं. त्याची नोंद करू नका आणि ‘आकडे येतात म्हणजे बाकीचं मुद्दाम बोलत नाहीत’ असाही अर्थ काढू नका.

मग दहा शब्द. चित्र दाखवा आणि गप्प राहा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे दहा सेकंद घरच्यांना फार जड जातात. बहुतेक जण तिसऱ्या सेकंदाला शब्द सांगून टाकतात आणि रुग्णाच्या मेंदूने चालवलेला शोध तिथेच तुटतो. शब्द आला नाही तर अर्थाचा संकेत, पाच सेकंद थांबा. मग पहिलं अक्षर, पुन्हा थांबा. मग पूर्ण शब्दाचा व्हिडिओ, आणि त्याच्या मागोमाग उच्चार. शब्द कसाही मिळाला तरी तो तीनदा म्हणून घ्या: लगेच, पाच सेकंदांनी आणि पुढचं चित्र झाल्यावर परत मागे येऊन. दहा झाले की क्रम बदलून दुसरी फेरी घ्या.

पहिल्या प्रयत्नात निम्म्याहून जास्त शब्द चुकीचे येत असतील तर संकेतांची ही शिडी उलटी करा. आधी पूर्ण शब्द ऐकवा, म्हणून घ्या, पुढच्या वेळी फक्त पहिलं अक्षर द्या, नंतर फक्त चित्र. चुकीचा शब्द वारंवार तोंडात आला की तोच पक्का होण्याचा धोका असतो. गंभीर वाचाघातात ही उलटी शिडी सहसा जास्त मानवते.

नोंद आकड्यांत ठेवा. स्वतःहून आला तर ४, अर्थाच्या संकेताने ३, पहिल्या अक्षराने २, ऐकून म्हटला तर १, नाहीच तर ०. दहा शब्दांचे चाळीसपैकी गुण होतात. गुण पहिल्या फेरीचेच धरा. तीन वेगवेगळ्या दिवशी दहापैकी आठ शब्दांना ४ मिळाले की संच झाला, पुढचा घ्या. झालेला संच मात्र फेकून देऊ नका. तो दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने एकदा फिरवा. सोडलेले शब्द पुन्हा निसटतात.

शिवाय दहा शब्द असे ठेवा ज्यांचा सराव मुळीच करायचा नाही. दर पंधरा दिवसांनी ते फक्त विचारून बघायचे, बरोबर-चूक सांगायचं नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही सावरत असतो. दोन्ही याद्या सारख्याच वर चढत असतील तर श्रेय सरावाला एकट्याला देता येत नाही. सरावाची यादी पुढे गेली तर पद्धत लागू पडते आहे.

उरलेली पाच-सात मिनिटं पडदा बंद. आज जमलेल्या दोन-तीन शब्दांची खरी गरज पडेल असं काही करा. ‘किल्ली’ जमली असेल तर दोघांनी मिळून कपाट उघडायचं आणि ती कुठे आहे हे त्यांना विचारायचं. फोन करायचा असेल तर चार ओळींची ठरलेली संहिता बसवा: कोण बोलतंय, कशासाठी, कधी, निरोप. एकेक ओळ आठवडाभर व्हिडिओसोबत म्हणायची, मग माहितीतल्या माणसाला खरा फोन लावायचा. ‘नाव घेतल्याशिवाय पाणी मिळणार नाही’ हा प्रकार मात्र करू नका. त्यातून शब्द येत नाही, चीड येते. खुणेने, चित्राने, लिहून, कसंही सांगितलं तरी ते सांगणंच आहे. टॅबलेटवर सहा-आठ मोठ्या चित्रांचं एक पान (दुखतंय, बाथरूम, झोप, नको, फोन, थांबा) कायम उघडता येईल असं ठेवा. त्याने बोलण्याचा आळस येत नाही.

किती, आणि किती दिवस

अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या ‘रिलीज’ या विश्लेषणात (२०२२) भाषेत सर्वांत जास्त फायदा एकूण २० ते ५० तासांच्या थेरपीशी जोडलेला दिसला. रोज २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस म्हणजे दोन तासांहून थोडं जास्त. या वेगाने २० ते ५० तास व्हायला दहा ते पंचवीस आठवडे लागतात. घरचा सराव थेरपिस्टसोबतच्या तासांची बरोबरी करत नाही, पण महिन्याभरात निकाल मागणं घाईचं आहे हे यावरून कळावं. ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हे वाक्यही सोडून द्या. जर्मनीतल्या एका चाचणीत (२०१७) सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेल्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिल्यावर बोलण्यात सुधारणा दिसली.

पहिल्या आठवड्यांत थकवा दांडगा असतो. २५ मिनिटं झेपत नसतील तर सकाळी १२ मिनिटं आणि दुपारी १२ मिनिटं करा. गुण बैठकीच्या उत्तरार्धात घसरत असतील तर बैठक लांबली आहे.

नेहमी काय बिघडतं

एकच शब्द चिकटून बसतो: चष्म्यालाही ‘घड्याळ’, दाराला ‘घड्याळ’. अशा वेळी ‘नाही, नाही’ करत पुढचं चित्र दाखवलं तर तो आणखी घट्ट होतो. पडदा झाका, पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या, वेगळं काही करा, मग लांबच्या गटातला शब्द घ्या.

आवाज ओळखणारं अ‍ॅप बरोबर उच्चारालाही चूक ठरवतं. ही यंत्रणा मुख्यतः नेहमीच्या, निरोगी बोलण्यावर घडलेली असते. तिला परीक्षक नेमू नका. निवाडा ऐकणाऱ्या माणसाने करायचा.

काही जण खूप बोलतात पण त्यातून अर्थ निघत नाही, आणि आपलं चुकतंय हे त्यांना जाणवत नाही. तिथे चित्र बघून नाव घेण्याचा सराव आधी घेऊ नका. ऐकून चित्र निवडणं, ऐकलेला शब्द आणि लिहिलेला शब्द जुळवणं यापासून सुरू करा.

रुग्ण सरावालाच नकार देऊ लागला, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर हट्ट म्हणून सोडून देऊ नका. पक्षाघातानंतर नैराश्य सर्रास येतं आणि त्यावर उपचार आहेत. आणि बोलणं काही मिनिटांत अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हातातला जोर गेला तर सरावाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

व्हिडिओ कॉलवरची थेरपी

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड चेहऱ्यासमोर, मागे खिडकी नको. थेरपिस्टला ओठ आणि डावा हात दोन्ही दिसले पाहिजेत. सराव एका उपकरणावर आणि कॉल दुसऱ्यावर असेल तर एकाचा स्पीकर बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. पडदा शेअर करताना आवाज शेअर करण्याची खूण वेगळी द्यावी लागते; ती राहिली की थेरपिस्ट नुसते हलणारे ओठ बघत बसतात. घरचं माणूस खोलीत असावं, पण कॅमेऱ्याच्या बाजूला, उत्तरं न सुचवता. रेकॉर्डिंग करायचं असेल तर रुग्णाला चित्रांच्या साहाय्याने विचारून घ्या. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्यासाठी नसतं.

डिसार्थ्रिया आणि अप्रॅक्सिया

डिसार्थ्रियात शब्दांची यादी नको. पाच ते आठ शब्दांची, रोज लागणारी वाक्यं घ्या आणि वेग व आवाजाची पातळी यांवर काम करा. आवाज मोजणारी फोनवरची अ‍ॅप्स प्रमाणित नसतात. तोच फोन, तेवढंच अंतर (३० सेंमी ठीक), तीच खोली असेल तरच कालचा आणि आजचा आकडा तोलता येतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या.

अप्रॅक्सियात थोडे शब्द, भरपूर आवर्तनं. पाच-सहा शब्द घेऊन प्रत्येकाची २०–३० आवर्तनं करा. तोंडाचा व्हिडिओ डावीकडे आणि रुग्णाचा पुढच्या कॅमेऱ्यातला चेहरा किंवा आरसा त्याच्या शेजारी. प, ब, म हे ओठांवर दिसणारे आवाज आधी. व्हिडिओच्या मागून नव्हे, त्याच्यासोबत एकाच वेळी बोलायला लावा.

थेरपिस्टकडे महिन्याने जाताना गुणांची वही, न सरावलेल्या शब्दांचे आकडे आणि नेहमीच्या गप्पांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, सरावाचा नको. विचारायचं असं: संकेतांची शिडी सरळ ठेवू की उलटी, क्रियापदं वाढवू का, आणि एकेका शब्दावरून दोन शब्दांच्या वाक्यावर कधी जाऊ.